जुने बॉक्सर आणि आजचे बॉक्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमच्या वर्गात रविवारी सराव संपला की भिंतीवर एखादी जुनी लढत लावतो. वागळे इस्टेट, कळवा, कोपरीहून येणारी मुलं, त्यांचे पालक आणि ऐरोली-घणसोलीकडचे काही जुने शौकीन बघायला बसतात. लढत संपायच्या आतच वाद पेटतो आणि पुढे आठवडाभर फोनवर तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अवघड नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांची तुलना मुळात करता येते का, की नुसताच टाइमपास?

करता येते. फक्त तुलना कशाची चालली आहे ते आधी ठरवावं लागतं. समोरासमोर उभे केले तर कोण जिंकेल, हा एक प्रश्न. आपापल्या काळात कोण जास्त वरचढ होता, हा दुसरा. आणि कोणी किती तगड्या माणसांशी, कितीदा, किती वर्षं झुंज दिली, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. जो लुई १९३७ पासून १९४९ पर्यंत हेवीवेटचा जगज्जेता होता आणि त्याने २५ वेळा किताब राखला. हेवीवेटमध्ये तो आकडा आजवर कोणी गाठलेला नाही. दुसऱ्या प्रश्नात लुईच्या जवळपास फिरकणारे फार थोडे आहेत. पण तोच लुई, साधारण ९० किलोचा, ६ फूट ९ इंच उंचीच्या टायसन फ्युरीपुढे उभा केला की गोष्ट बदलते. आमच्याकडे निम्मी भांडणं होतात ती एकजण पहिल्या प्रश्नाबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याबद्दल, म्हणून.

२. जुन्या बॉक्सरला टाइम मशीनमध्ये घालून जसाच्या तसा आणायचा, की तो आज जन्मला असता असं धरायचं?

दोन्ही चालतं, पण एकाच वाक्यात दोन्ही नको. जसाच्या तसा आणायचा तर त्याला आजचे नियम अनोळखी असणार, आणि न्याय म्हणून आजच्या बॉक्सरलाही मागे नेऊन बघायला हवं. ४ जुलै १९१० रोजी रीनोमध्ये जॅक जॉन्सन आणि जेम्स जेफ्रीज भर उन्हात उतरले, ते ४५ फेऱ्यांच्या तयारीने. लढत पंधराव्या फेरीत संपली, पण दोघांनी दम राखला तो ४५ च्या हिशेबाने. आजचा कुठलाही बॉक्सर तसा तयार झालेला नाही.

आज जन्मला असता असं धरलं तर त्याला आजचा आहार, आजचे प्रशिक्षक, प्रतिस्पर्ध्याच्या लढती फोनवर बघायची सोय, सगळं द्यावं लागतं. मग आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते: आज जन्मलेला धिप्पाड अमेरिकन मुलगा कदाचित बॉक्सिंगकडे येणारच नाही. तो बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलकडे जाईल, कारण पैसा तिकडे आहे.

मी मुलांना पहिली रीत वापरायला सांगतो आणि सोबत एक अट घालतो. लढत कोणत्या वर्षाच्या नियमांनी होणार, ते तोंडातून पहिलं वाक्य निघायच्या आधी ठरलं पाहिजे.

३. पाउंड फॉर पाउंड म्हणजे नक्की काय?

वजनाचा फरक बाजूला ठेवला तर सर्वांत चांगला कोण, एवढंच. शुगर रे रॉबिन्सनमुळे हा शब्दप्रयोग रूढ झाला. हेवीवेटचा पट्टा नसलेल्या माणसाला जगातला सर्वोत्तम म्हणायचं तर काही शब्द हवा होता.

४. शंभर वर्षांपूर्वीच्या फिती बघितल्या की ती माणसं बाहुल्यांसारखी झटके देत पळताना दिसतात. ते खरंच असे लढायचे?

नाही. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं पडत. तीच फीत पुढे सेकंदाला चोवीस चित्रांनी दाखवली की सगळं पळतं आणि झटके देतं. मोबाइलवर वेग पाऊणपट करून बघा, लगेच फरक दिसेल. जॅक जॉन्सनची एखादी लढत अशी सावकाश बघितली की त्याचा डावा हात दिसायला लागतो. तळवा उघडा ठेवून तो समोरच्याचा ठोसा निघतानाच दाबतो. मिठी मारताना समोरच्याच्या दंडाचा स्नायू पकडून ठेवतो, म्हणजे त्याला जवळून मारताच येत नाही, आणि मग स्वतःचा उजवा अपरकट आतून वर काढतो. पळवलेल्या फितीत हे सगळं नुसती ढकलाढकली वाटतं.

दुसरी अडचण अशी की कॅमेरा एकच, तोही लांब. आज सात-आठ कोनांतून, सावकाश करून, जवळून दाखवतात, त्यामुळे आजचा ठोसा मोठा वाटतो.

५. जुने बॉक्सर हात इतके खाली का ठेवायचे? त्यांना गार्ड, म्हणजे हातांनी चेहरा झाकणं, माहीत नव्हता का?

माहीत होता. ग्लोव्ह्ज वेगळे होते. क्वीन्सबेरीचे नियम १८६७ चे. तेव्हापासून ग्लोव्ह्ज आले, पण बराच काळ ते पाच-सहा औंसांचे, घोड्याच्या केसांनी भरलेले असत. लढत पुढे जाईल तसा भराव बोटांच्या गाठींवरून बाजूला सरके. आज वेल्टरवेटपर्यंत (साधारण ६६ किलो) आठ औंस आणि त्यावर दहा औंस असतात, फोमचे, चांगले जाड. दोन दहा औंसी ग्लोव्ह्ज गालाला लावून उभं राहिलं की चेहऱ्याचा बराचसा भाग झाकला जातो. पाच औंसांत नाही झाकला जात, ठोसा मधून आरपार येतो. म्हणून त्या लोकांनी अंतर राखलं, समोरचा ठोसा तळव्याने झटकला, डोकं बाजूला काढलं. आमच्याकडे कपाटात एक जुनी लहान जोडी आहे. मुलांच्या हातात देऊन गार्ड घ्यायला सांगतो. दोन मिनिटांत त्यांचे हात आपोआप पुढे जातात.

याचा दुसरा परिणाम असा की लहान ग्लोव्हमध्ये स्वतःचा हात मोडायची भीती जास्त. त्यामुळे जुने लोक डोक्यावर सरसकट मारत नसत, ठोसा निवडून मारत.

६. पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्याने एवढा काय फरक पडला?

प्रचंड. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेने १९८३ पासून फेऱ्या बारावर आणल्या, बाकीच्या संघटनाही याच दशकात त्या वाटेने गेल्या. हा निर्णय योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण तुलना करताना शेवटच्या तीन फेऱ्यांनी काय केलं ते बघा. १९४१ मध्ये बिली कॉन जो लुईच्या पुढे होता, तेराव्या फेरीत लुईने त्याला बाद केलं. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट सगळ्या पंचांच्या कागदावर रॉकी मार्सियानोच्या पुढे होता, तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने तो दोरावर लोंबकळला. १९८१ मध्ये टॉमी हर्न्स गुणांवर शुगर रे लेनर्डच्या पुढे होता, चौदाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. बारा फेऱ्या असत्या तर कॉन जगज्जेता झाला असता, वॉलकॉटचा किताब वाचला असता आणि मार्सियानोच्या ४९-० (४९ विजय, शून्य पराभव) मधला शून्य गेला असता.

म्हणून मार्सियानो, लुई, जो फ्रेझर यांना आजच्या बारा फेऱ्यांत उतरवताना त्यांचं एक मोठं हत्यार तुम्ही काढून घेताय, हे लक्षात असू द्या. उलट माइक टायसनसारखा सुरुवातीच्या फेऱ्यांत मोडतोड करणारा बॉक्सर पंधरा फेऱ्यांत अडचणीत आला असता.

उन्हाचंही इथेच सांगतो. जून १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये पारा चाळीसच्या घरात असताना रॉबिन्सन लाइट हेवीवेटच्या जोई मॅक्सिमशी लढला. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यांनाच बदलावं लागलं. रॉबिन्सन गुणांवर स्पष्ट पुढे होता, पण चौदाव्या फेरीला स्टुलावरून उठू शकला नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पॅड मारणाऱ्या आमच्या मुलांना ही लढत समजावून सांगावी लागत नाही.

७. पन्नास लढती, एकही पराभव नाही. मग फ्लॉइड मेवेदर रॉबिन्सनपेक्षा मोठा नाही का? रॉबिन्सन तर एकोणीस वेळा हरला.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. मेवेदर ५०-० वर थांबला, मार्सियानो ४९-० वर. रॉबिन्सनच्या नावावर १९४० ते १९६५ या पंचवीस वर्षांत दोनशेच्या आसपास लढती आहेत, १७० हून जास्त विजय, शंभरहून जास्त नॉकआउट आणि १९ पराभव. त्यांतले बहुतेक पराभव चाळिशीच्या आसपासचे किंवा त्यानंतरचे आहेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोट्टाने त्याला पहिल्यांदा हरवलं, त्यानंतर जुलै १९५१ मध्ये रँडी टर्पिनने हरवेपर्यंत आठ वर्षं तो हरला नाही.

आणि तो फेब्रुवारी १९४३ बघा. ५ तारखेला लामोट्टाकडून हरला, १९ तारखेला जॅकी विल्सनला हरवलं, २६ तारखेला पुन्हा लामोट्टासमोर उभा राहून जिंकला. आज मोठा बॉक्सर वर्षातून दोनदा रिंगमध्ये उतरतो आणि मधले महिने एकाच माणसाच्या अभ्यासात घालवतो. त्या काळी लढत हाच सराव होता. दुखरा हात, सर्दी, अर्धा आराम, तरी उतरायचं. अशा वेळापत्रकात एखादी हार लागणारच, आणि त्या काळात ती लाज मानली जात नसे.

मेवेदरच्या कौशल्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. त्याचा खांद्याने केलेला बचाव मी मुलांना शिकवतो. पण शून्य म्हणजे श्रेष्ठत्व नव्हे. शून्य जपण्यासाठी कोणती लढत कधी घ्यायची हे ठरवण्याची मुभा लागते, ती जुन्यांना नव्हती. मॅनी पॅकियाओशी लढत व्हायला २ मे २०१५ उजाडला, तोवर दोघांचेही सर्वोत्तम दिवस मागे पडले होते.

एक सूचना: १९१०-२० च्या दशकांतली रेकॉर्ड वाचताना 'निर्णय नाही' असे शेरे दिसतील. तेव्हा काही राज्यांत पंचांना गुणांवर निकाल देण्याची परवानगीच नव्हती. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रं विजेता कोण ते छापत. असे निकाल धरले की न धरले, यावरून एकाच माणसाची दोन वेगळी रेकॉर्ड तयार होतात.

८. आज प्रत्येक गटात चार-चार जगज्जेते असतात. मग 'जगज्जेता' या बिरुदाची किंमत काय?

पूर्वी आठ वजनगट होते आणि साधारणपणे प्रत्येकात एक विजेता. आज सतरा गट आणि चार मोठ्या संघटना, म्हणजे एका वेळी अडुसष्ट पट्टे वाटता येतात. त्यामुळे नुसते पट्टे मोजू नका. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट हे तीन किताब एकाच वेळी धरले होते, तेही आठच किताब असताना. माझ्या मते या खेळातला सर्वांत अवघड पराक्रम तोच. पॅकियाओने आठ गटांत किताब जिंकले. तेही थक्क करणारं आहे, पण गटांमधली अंतरं आता कमी झाली आहेत हे धरूनच मोजायला हवं.

आज त्याला जवळचं काही असेल तर चारही पट्टे एकत्र करणं. नाओया इनोउएने ते बँटमवेटमध्ये २०२२ साली आणि सुपर बँटमवेटमध्ये २०२३ साली केलं. ओलेक्सांद्र उसिकने हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात २०१८ साली आणि हेवीवेटमध्ये १८ मे २०२४ रोजी केलं.

९. वजन आदल्या दिवशी करतात की त्याच दिवशी, याने तुलनेत काही बिघडतं का?

बिघडतं. जुन्या काळी वजन लढतीच्या दिवशीच होई, त्यामुळे ६६ किलोचा माणूस रिंगमध्येही जवळजवळ तेवढाच असे. आता व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं. पाणी काढून वजन उतरवायचं, मग चोवीस तासांत पुन्हा भरायचं. आजचा 'वेल्टरवेट' रिंगमध्ये उतरताना खरं तर जुन्या मिडलवेटच्या जवळ गेलेला असतो. कागदावर गट सारखा दिसला तरी आधी हे तपासा.

आपल्याकडच्या हौशी स्पर्धांत वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं, म्हणून आमच्या मुलांनी मोठ्या बॉक्सरांचे व्हिडिओ बघून प्लॅस्टिकचं जॅकेट घालून तलावपाळीला फेऱ्या मारू नयेत. पाणी तोडून रिंगमध्ये गेलेल्या मुलाच्या डोक्याला मार लवकर लागतो. यावर मी कोणाचंही ऐकत नाही.

१०. मार्सियानो आजच्या हेवीवेटपुढे टिकला असता का?

आजच्या हेवीवेटमध्ये नाही. हे सांगताना वाईट वाटतं, पण नाही. मार्सियानो ५ फूट १० इंचांच्या आसपास आणि ८५ किलोच्या आतबाहेर होता. आज क्रूझरवेटची मर्यादाच ९०.७ किलो आहे. तो आज क्रूझरवेटमध्येच असता आणि तिथे, पंधरा फेऱ्या दिल्या तर, मी त्याच्या विरोधात पैज लावणार नाही. जुना हेवीवेट विजेता जॅक डेम्प्सी, त्याचंही वजन तेवढंच.

पण 'मोठा म्हणजे चांगला' असा सरळ हिशेब मांडणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. ४ जुलै १९१९ रोजी डेम्प्सीने साडेसहा फुटी, १११ किलोच्या जेस विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं. मात्र तेव्हा पडलेल्या माणसापासून दूर कोपऱ्यात जाण्याचा नियम लागू नव्हता, डेम्प्सी डोक्यावर उभा राहून उठणाऱ्याला मारत होता. हाच नियम १९२७ मध्ये जीन टनीविरुद्ध त्याच्या अंगाशी आला. डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला आणि टनीला सावरायला जादा सेकंद मिळाले.

दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची. उसिक ६ फूट ३ इंच, साधारण १०१ किलो. किन्शासाला जॉर्ज फोरमनविरुद्ध उतरलेला अली ६ फूट ३ इंच, ९८ किलो. जवळजवळ एकाच मापाची माणसं. आणि त्या मापाच्या उसिकने २०२४ मध्ये दोनदा, आपल्यापेक्षा सहा इंच उंच आणि कितीतरी जड फ्युरीला हरवलं. म्हणजे अलीच्या शरीराचा माणूस आजच्या हेवीवेटमध्ये राज्य करू शकतो, हे सिद्धच झालं आहे. ८५ किलोचा करू शकतो का? त्याचा पुरावा आज नाही.

११. 'अ' ने 'ब' ला हरवलं, 'ब' ने 'क' ला. मग 'अ' हा 'क' पेक्षा भारी, बरोबर?

चूक. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं, नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. फोरमनने फ्रेझरला १९७३ मध्ये आणि नॉर्टनला १९७४ मध्ये दोन-दोन फेऱ्यांत उडवलं. या हिशेबाने फोरमनने अलीला एका फेरीत संपवायला हवं होतं. ३० ऑक्टोबर १९७४ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आठव्या फेरीत फोरमन खाली होता.

शैली शैलीला अडते. फोरमनला सरळ चालत येणारा माणूस आवडायचा, अली तसा येत नव्हता.

१२. मग दोन काळ जोडायला काहीच पुरावा नाही?

आहे, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा तोच: दोन काळांत लढलेली माणसं. फोरमन १९७४ मध्ये अलीकडून हरला. वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ व्या वर्षी, त्याने मायकल मूररला दहाव्या फेरीत बाद करून पुन्हा हेवीवेटचा किताब जिंकला. त्याआधी १९९१ मध्ये, चाळिशी उलटलेली आणि पाय मंदावलेले असताना, तो ऐन भरातल्या होलिफिल्डपुढे पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला होता. लॅरी होम्सने १९९२ मध्ये, तोही चाळिशीनंतर, ऑलिंपिक सुवर्णविजेत्या रे मर्सरला शिकवणी दिल्यासारखं हरवलं. १९७० च्या दशकातली माणसं म्हातारपणीही १९९० च्या दशकात किताबासाठी झुंजत होती. मग ती मधल्या वयात तिथे असती तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधता येतो.

आर्ची मूर १९५५ मध्ये मार्सियानोशी आणि १९६२ मध्ये अलीशी लढला. दोघांनीही त्याला बाद केलं. पण दुसऱ्या वेळी तो चाळिशीच्या बराच पुढे होता, म्हणून या धाग्यावर फार भार टाकू नका.

ही साखळी आपल्याकडेही आहे, ती प्रश्न १८ मध्ये.

१३. सर, सरळ सांगा: अली आणि टायसन दोघंही ऐन भरात असते तर?

अली. १९६६-६७ चा अली आणि १९८८ चा टायसन धरतो, नियम टायसनच्या काळचे. पहिल्या चार फेऱ्या फार धोक्याच्या, कारण अलीला डाव्या हुकचा (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाचा) त्रास होता. १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये फ्रेझरने त्याला त्याच ठोशाने पाडलं होतं, आणि टायसनचा हुक फ्रेझरपेक्षा लवकर निघायचा. पण कूपरच्या हुकनंतर अली उठला आणि पुढच्याच फेरीत लढत संपवली. टायसनला उंच माणसाचा लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मिठी, आणि न घाबरणारा प्रतिस्पर्धी या तीन गोष्टी जड जात. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने तिन्ही दाखवल्या. सहाव्या फेरीनंतर अली सुटत गेला असता. आमच्या वर्गात निम्मी पोरं माझ्याशी सहमत नाहीत.

१४. हे सगळं संगणकालाच विचारलं तर?

विचारून झालं आहे. १९६९ मध्ये निवृत्त मार्सियानो आणि बंदी भोगत असलेला अली यांना एकत्र आणून छोट्या छोट्या फेऱ्या चित्रित केल्या, आणि संगणकाने सांगितलेला निकाल म्हणून जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवलं: मार्सियानो तेराव्या फेरीत विजयी. युरोपात मात्र अली जिंकतो अशी दुसरी प्रत दाखवली गेली. मार्सियानोने ते बघितलंच नाही, ऑगस्ट १९६९ मध्ये तो विमान अपघातात गेला. यंत्राला आकडे माणसंच पुरवतात, त्यामुळे उत्तर त्या माणसांच्या मतापलीकडे जात नाही. आजच्या व्हिडिओ गेमचंही तसंच.

१५. ज्याची एकही लढत चित्रित झालेली नाही, त्याला यादीत कसं धरायचं?

हॅरी ग्रेबबद्दल विचारताय, हे ओळखलं. जवळपास तीनशे लढती, १९१९ या एकाच वर्षात चाळीसहून जास्त, आणि जीन टनीला हरवणारा एकमेव माणूस, तोही टनीपेक्षा वजनाने कमी असून. उत्तरार्धात एका डोळ्याने दिसत नव्हतं. त्याची सरावाची थोडी फीत आहे, लढतीची नाही.

समोरासमोरच्या तुलनेत त्याला घेऊ नये, कारण तो कसा लढायचा हे आपण पाहूच शकत नाही. पण प्रश्न १ मधल्या तिसऱ्या अर्थाने, म्हणजे कोणी कोणाशी झुंज दिली या मोजमापात, त्याला पहिल्या पाचात धरल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही.

१६. जुन्या गोऱ्या विजेत्यांनी कृष्णवर्णीयांना टाळलं, मग त्यांचे किताब धरायचे का?

धरायचे, पण वजावट करून. जॅक जॉन्सनने १९१५ मध्ये किताब गमावला, त्यानंतर १९३७ मध्ये जो लुईला संधी मिळेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं डेम्प्सीची वाट बघत राहिला. सॅम लँगफर्ड, जेमतेम साडेपाच फुटांच्या वरचा, लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सगळ्यांशी लढला आणि त्याला हेवीवेटच्या किताबाची लढत मिळालीच नाही. खुद्द जॉन्सननेही विजेता झाल्यावर त्याला पुन्हा संधी दिली नाही. लँगफर्डचं नाव मुलांना माहीत नसतं तेव्हा मला राग येतो, मुलांचा नाही, त्या काळाचा.

अशीच वजावट पुढच्या काळालाही लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सोव्हिएत बॉक्सर व्यावसायिक होऊ शकत नव्हते. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकून हौशीच राहिला. अली आणि होम्सच्या काळात ही माणसं समोर आलीच नाहीत. अलीकडच्या काळात पूर्वीच्या सोव्हिएत देशांतले उसिक, लोमाचेंको, गोलोव्किन खुल्या मैदानात आले. आजचा काळ सरस असल्याचा सर्वांत मजबूत मुद्दा मला विचाराल तर हा आहे, आहारशास्त्र नव्हे.

१७. जुने लोक जास्त कणखर होते, हे तरी मान्य आहे ना?

जास्त सोसायचे, हे मान्य आहे. त्याची किंमतही बघा. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. रॉबिन्सनला शेवटी अल्झायमर्सने गाठलं. जेरी क्वारी ५३ व्या वर्षी गेला, त्याआधी मारामुळे त्याची स्मृती गेली होती, साधी रोजची कामंही दुसऱ्याने करून द्यावी लागत. आज पंच लवकर लढत थांबवतात तेव्हा सोफ्यावर बसून 'पूर्वी असं नव्हतं' म्हणणाऱ्यांना मी क्वारीच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचायला सांगतो. लढत लवकर थांबते म्हणून आजचा बॉक्सर कमी कणखर ठरत नाही.

१८. आपल्या बॉक्सरांची तुलना कशी करायची? हवा सिंग, विजेंदर, मेरी कोम, निखत?

हौशी बॉक्सिंगचे नियम इतक्यांदा बदलले की वर्ष सांगितल्याशिवाय बोलूच नये. १९८४ ते २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये डोक्याला हेडगार्ड होतं, नंतर पुरुषांचं काढलं. १९९२ ते २०१२ मध्ये पंच बटणं दाबून ठोसे मोजत, आता फेरीगणिक दहा गुणांची पद्धत आहे. या बटणांच्या काळात सिडनी २००० मध्ये आपला गुरचरण सिंग उपांत्यपूर्व फेरीत १२-१२ अशा बरोबरीनंतर बाहेर पडला. पदक तिथेच हुकलं. आजच्या पद्धतीत तो सामना वेगळा लिहिला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

हवा सिंगने १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं, हेडगार्डशिवाय. विजेंदरने २००८ मध्ये बीजिंगला ७५ किलो गटात कांस्य जिंकलं, दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांत. या दोघांना एका तराजूत घालता येत नाही. आपापल्या काळात आशियावर वर्चस्व, या अर्थाने माझं मत हवा सिंगला.

मेरी आणि निखत यांच्याबाबतीत मात्र पुरावा आहे, दोघी लढल्या आहेत. डिसेंबर २०१९ च्या निवड चाचणीत ३७ वर्षांच्या मेरीने २३ वर्षांच्या निखतला ९-१ ने हरवलं. पण निखतचा भर त्यानंतर आला, २०२२ आणि २०२३ मध्ये ती जगज्जेती झाली. तेव्हा '९-१' एवढंच सांगून विषय संपत नाही. सहा जागतिक सुवर्णं मिळवलेली मेरी एकूण कारकिर्दीत पुढे आहे, यावर वाद नसावा.

१९. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, अलीचे व्हिडिओ बघून हात खाली ठेवून नाचतो. चालेल का?

(घोडबंदर रोडच्या एका आईंचा प्रश्न.) ताई, नाचू दे, पण हात वर. अली डोकं सरळ मागे नेऊन ठोसा चुकवायचा, ते त्याच्या नजरेच्या आणि पायांच्या वेगावर चालत होतं. १९६७ ते १९७० अशी साडेतीन वर्षं बंदीत गेली, पाय मंदावले आणि मग तेच ठोसे लागायला लागले. मुलाला जुन्यांतलं शिकायचंच असेल तर जो लुई दाखवा. पावलं छोटी, हात गार्डच्या जागी, ठोसा सहा-आठ इंचांचा, आणि मारून झाल्यावर तोल जागच्या जागी. सरावात ग्लोव्ह्ज जाड असू द्या आणि हेडगार्ड सक्तीचं.

२०. तुमच्या मते सर्वश्रेष्ठ कोण?

शुगर रे रॉबिन्सन. वेल्टरवेटचा रॉबिन्सन तर कोणत्याही वर्षाच्या नियमांत, कोणत्याही ग्लोव्ह्जमध्ये. दुर्दैवाने त्या काळातल्या त्याच्या फिती थोड्या आहेत, बहुतेक आहेत त्या मिडलवेटच्या, उतरत्या वयातल्या. तरी १ मे १९५७ ची जीन फुलमरविरुद्धची लढत बघा. जानेवारीत फुलमरने त्याला हरवलं होतं. रॉबिन्सन छत्तिशीला टेकलेला. पाचव्या फेरीत तो मागे सरकतोय, फुलमर पुढे येतोय, दोघांमध्ये हातभर अंतर. रॉबिन्सनचा मागचा पाय क्षणभर रुतताना दिसतो आणि त्याच क्षणी डावा हुक निघतो, लांब झोका नाही, हनुवटीवर नेमका. मागे जाणाऱ्या माणसाच्या ठोशात जोर नसतो असं आम्ही मुलांना शिकवतो. फुलमर तोवर कधीच बाद झाला नव्हता.

२१. पटवून घ्यायचं असेल तर कुठून बघायला सुरुवात करू?

आधी १९७१ ची अली-फ्रेझर, कारण चित्रण चांगलं आहे आणि आजच्या डोळ्याला परकं वाटत नाही. मग मागे जा: १९५२ ची मार्सियानो-वॉलकॉट पूर्ण, १९३८ ची लुई-श्मेलिंग (दोन मिनिटं आणि काही सेकंदांत संपते, म्हणून तीनदा बघा). जॉन्सन शेवटी, वेग कमी करून, प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे. त्यानंतर लगेच उसिक-फ्युरीची पहिली लढत लावा आणि आवाज बंद ठेवा, कारण समालोचक काय बघायचं ते आधीच सांगून टाकतात. नवव्या फेरीत फ्युरी कोलमडतो, तिथे उसिकचा डावा हात आणि त्याआधीची पावलं बघा.